आत्या, मेंढरू आणि दादांची सही

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. इथल्या एका दैनिकात ते रोज तीन चौकटींची चित्रपट्टी काढायचे. ती पस्तीस वर्षं चालली. त्यातली शेवटची चौदा वर्षं ती मी काढली, आणि त्या चौदापैकी अकरा वर्षं खाली सही दादांची असायची. आता हे सांगितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून सांगते आहे.

आमचं मूळ गाव शहराबाहेर, शेंद्र्याच्या पलीकडं. घर मेंढपाळांचं. दादांनी बारा वर्षांचे होईपर्यंत मेंढरं राखली, ती त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या बहिणीबरोबर. ही माझी आत्या. तिचं लग्न लवकर झालं, नवरा लवकर गेला, आणि ती माहेरी परत येऊन पुन्हा मेंढरांमागं फिरू लागली. दादा शाळेसाठी शहरात आले. शाळा अर्धीच राहिली, पण हातात ब्रश आला. शहागंजात एका गाळ्यात त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. कापडवाले, अत्तरवाले, सायकलवाले सगळे त्यांच्याकडून पाट्या करून घ्यायचे. पाटीवर मराठी असायचं, इंग्रजी असायचं, उर्दू असायचं. उर्दू अक्षरं दादा वाचत नसत, नुसती बघून काढत. एखादा दुकानदार रस्त्यापलीकडून पाटी न्याहाळायचा आणि म्हणायचा, "चाचा, नुक्ता रह गया." दादा शिडी लावून पुन्हा वर चढायचे आणि तो एक ठिपका देऊन खाली यायचे. जाड रेघ कुठं पातळ होते हे आपण उर्दू अक्षरांकडून शिकलो, असं ते म्हणायचे.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर, गिऱ्हाईक नसलं की, ते उरलेल्या काळ्या रंगानं चित्रं काढायचे. घोंगडी खांद्यावर टाकलेली, हातात काठी घेतलेली एक बाई आणि तिच्यामागं एक मेंढी. बाई कापडाच्या दुकानात भाव विचारते आहे, बाई बँकेच्या दारात उभी आहे, बाई सिग्नलला मेंढीला थांबवते आहे. स्कूटरची नंबर प्लेट रंगवून घ्यायला एक उपसंपादक आले होते. त्यांनी ती भिंत पाहिली आणि प्लेट वाळेपर्यंत तिथंच उभे राहिले. पुढच्या आठवड्यात दादांना कार्यालयात बोलावणं आलं. पट्टीचं नाव ठरलं 'आत्या आणि मेंढरू'. मी तेव्हा चौथीत होते. वर्गातल्या मुली ती घरून कापून आणायच्या आणि मला दाखवायच्या. जणू मी ती पाहिलीच नसेन.

पट्टीतली आत्या बोलायची कमी. मेंढरू तर कधीच बोललं नाही. तिसऱ्या चौकटीत ते मान वळवून सरळ वाचणाऱ्याकडं बघायचं, एवढंच. एक पट्टी लोकांना पाठ होती. पहिल्या चौकटीत शहरातली बाई सांगते, नळ आठव्या दिवशी येतो. दुसऱ्या चौकटीत आत्या विचार करते. तिसऱ्या चौकटीत ती म्हणते, "मंग पाव्हणाच म्हना की. चहा ठिवा." ती पट्टी गावोगावच्या हॉटेलांत भिंतीला चिकटवलेली मी पाहिली आहे. अजूनही एखादी सापडेल. पाण्याचं काही बदललेलं नाही.

खऱ्या आत्याला वाचता येत नव्हतं. दर रविवारी दादा मला घेऊन गावी जायचे, बरोबर आठवड्याचे अंक असायचे. आत्या मेंढरं वाड्यात कोंडून हात धुवायची, माझ्याशेजारी बसायची आणि विचारायची, "सोमवारी काय केलं मी?" मी वाचून दाखवायचे. "अन् मंगळवारी?" असे सगळे वार. ती हसायची कमी. एखाद्या दिवशी म्हणायची, "हे खरं हाय." एखाद्या दिवशी म्हणायची, "हे मी नाय केलं, हे त्यानं केलंय." त्यानं म्हणजे दादांनी. दादा खाटेवर पडून ऐकत असायचे.

पट्टी चालू होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा एका महाविद्यालयातल्या मुलांनी तिची एकांकिका केली. आत्याचं काम एका मुलानं केलं होतं आणि मेंढरू म्हणजे दोन मुलं, वरून पांढरं ब्लँकेट. आम्ही आत्यालाही घेऊन गेलो होतो. प्रयोगात टाळ्या, हशा सगळं झालं. नंतर तो मुलगा तशाच लुगड्यात आत्याच्या पाया पडायला आला. आत्यानं त्याच्या गालाकडं पाहिलं. "चांगलं केलं बाबा," ती म्हणाली. "पन दाढी करून येत जा." दादा घरी येईपर्यंत हसत होते. त्यांना मी इतकं हसताना फार वेळा पाहिलं नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी मुंबईहून मालिकावाले आले. दादांनी करारावर सही केली. त्यांना वाटलं, मालिका इथं, आपल्या माळावर होईल. ती झाली मुंबईतल्या एका स्टुडिओत. आम्ही दोन दिवस तिथं गेलो. सेटवर गाव होतं हिरवंगार, कौलारू, मागं नारळाची झाडं. आत्याचं काम करणाऱ्या बाई भल्या होत्या, दादांशी आदरानं बोलल्या, पण त्यांना जे बोलायला दिलं होतं ते आमच्याकडं कुणी बोलत नाही. प्रत्येक वाक्यानंतर डोळे मोठे करायचे असं त्यांना सांगितलेलं होतं.

मेंढी पहिल्याच दिवशी निकामी ठरली. कळपातून एकटी आणलेली मेंढी घाबरते, ओरडत राहते, पाऊल टाकत नाही. हे दादांनी त्यांना सांगितलंही, दोन आणा म्हणाले. पण पट्टीत एकच असते, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेळी आणली. शेळी शहाणी निघाली, सांगेल तिथं उभी राहिली. तिला लोकरीचं काहीतरी बांधलं होतं. मालिकेचं नाव 'आत्या आणि मेंढरू' असंच राहिलं.

पहिला भाग आम्ही गावी, आत्याच्या शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीवर पाहिला. गल्लीतली सगळी माणसं जमली होती. भाग संपल्यावर सगळे आत्याकडं बघायला लागले. ती म्हणाली, "शेळी हाय ती." मग उठली आणि घरी गेली. मालिका तेरा भाग चालली आणि बंद पडली. नंतर कितीतरी वर्षं लोक दादांना विचारायचे, ती टीव्हीवरची आत्या तुमचीच का. दादा हो म्हणायचे.

त्याच सुमारास शेंद्र्याकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या. आमचं वावर थोडंसंच होतं, तेही गेलं, पण आत्याला खरी अडचण झाली चराईची. जिथं ती मेंढरं न्यायची तिथं तारेची कुंपणं आली, मग रस्ते, मग गेट. दोन वर्षं तिनं ओढून काढली. मग तिनं मेंढरं विकली, एका दिवसात, सगळी. आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं. पुढं ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला आणि झाडायला जाऊ लागली. गणवेशाचा निळा कोट लुगड्यावर घालायची.

दादांनी पट्टीतली आत्या बदलली नाही. तिच्या खांद्यावर घोंगडीच राहिली, मागं मेंढरू राहिलं. त्या विषयावर त्यांनी एकच पट्टी काढली. गेटवरचा रखवालदार आत्याला म्हणतो, पास दाखवा. आत्या म्हणते, हितं माझं वावर हुतं. रखवालदार पुन्हा पास मागतो. तिसऱ्या चौकटीत आत्या कुंपणाच्या आतल्या कडुलिंबाकडं काठी करून म्हणते, "त्याला इचार." मी ती गावी वाचून दाखवली तेव्हा आत्यानं अंक माझ्या हातातून घेतला आणि चित्र जवळून पाहिलं. मग तिनं विचारलं, बुधवारी काय केलं.

मी तोवर चित्रकलेची शिक्षिका झाले होते. लग्न केलं नाही. मी नोकरीला लागले त्याच वर्षी आई गेली, आणि सिडकोतल्या घरात दादा आणि मी दोघंच राहिलो. पाट्यांचा धंदा केव्हाच बंद झाला होता. फ्लेक्स आल्यावर शहागंजातला गाळा त्यांनी सोडला. पट्टी तेवढी होती. सकाळी सात ते दहा ते टेबलाशी बसायचे, मी शाळेतून आले की शाई वाळलेली असायची.

दादांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला तेव्हा त्यांनी ते कितीतरी महिने लपवलं. मला आधी रेघांत दिसलं. मेंढराची लोकर ते छोट्या गोल रेघांनी भरायचे, त्या रेघा टोकदार व्हायला लागल्या. मी म्हटलं, लोकर मी भरते. त्यांनी लगेच टाक माझ्या हातात दिला. पुढं अक्षरं मी काढू लागले, मग मागची घरं आणि झाडं, मग आत्याचं लुगडं, मग हात. चेहरा त्यांनी सगळ्यांत शेवटी सोडला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते चेहरा काढायचे आणि एका चेहऱ्याला अर्धा तास लागायचा. एक दिवस त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "हात तुझा, डोकं माझं. सही माझी राहू दे."

मी हो म्हटलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. घरातलं एक काम हळूहळू एका माणसाकडून दुसऱ्याकडं जातं, तसं ते आलं. त्यांची सही मी जुन्या पट्ट्यांवर ट्रेसिंग कागद ठेवून शिकले. आठ दिवस लागले. सही चेहऱ्यापेक्षा अवघड होती.

वर्तमानपत्रात कुणाला सांगितलं नाही. पट्टी मी स्कॅन करून पाठवायचे, त्यामुळं कुणी घरी यायचा प्रश्न नव्हता. सकाळी पाच ते आठ पट्टी, साडेआठला शाळेकडं. पहिली काही वर्षं कल्पना दादाच सांगायचे. नंतर त्यांचं बोलणं जड झालं, वाक्य अर्ध्यात सुटायला लागलं, आणि कल्पनाही मीच काढू लागले. रोज काढून झालं की मी कागद त्यांच्यासमोर धरायचे. ते मान हलवायचे. एकदा रेशन दुकानाच्या एका पट्टीला ते मोठ्यानं हसले आणि जड जिभेनं विचारलं, हे मी कधी सांगितलं होतं. मी म्हटलं, काल.

दादा गेले ते एका मंगळवारी, सकाळी आठच्या सुमारास. चहा घेतला, उशीला टेकले आणि गेले. मी बशी उचलायला गेले तेव्हा लक्षात आलं. डॉक्टर येऊन गेले, मी शाळेत कळवलं, गावी कळवलं. शेजारच्या बायका आल्या. त्यांनीच सगळं हाती घेतलं, काय आणायचं, कुठं ठेवायचं. नेण्याची वेळ दुपारी चारची ठरली, कारण गावाकडची माणसं यायची होती.

मी दादांच्या उशाशी बसून होते. एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, रड म्हणत होती, रडलं म्हणजे मोकळं होतं. मला रडू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की पट्टी अर्धी आहे. पेन्सिलीचं काम सकाळी झालं होतं, शाई राहिली होती. पुरवणीचं पान तीन वाजता जायचं. इतक्या वर्षांत एकही दिवस पट्टी चुकली नव्हती. आई गेली त्या दिवशीही नाही, ती दादांनी काढली होती. मला ते तेव्हा फार कठोर वाटलं होतं.

बाराच्या पुढं मी उठले, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि टेबलाशी बसले. शिधा घ्यायला गेलेल्या आत्याचा अंगठा मशीन घेत नाही अशी ती पट्टी होती. पहिल्या चौकटीत दुकानदार म्हणतो, पुन्हा लावा. दुसऱ्या चौकटीत आत्या स्वतःच्या झिजलेल्या अंगठ्याकडं बघते. तिसऱ्या चौकटीत ती म्हणते, "मेंढराचा लावू का?" मी शाई भरू लागले. हात अजिबात हलला नाही. बाहेर बायका रडत होत्या, ते रेडिओ लागल्यासारखं ऐकू येत होतं.

दार उघडलं आणि आत्या आत आली. गावाहून नुकतीच उतरली होती, पदर अजून कमरेला खोचलेला. तिनं टेबल पाहिलं, शाई पाहिली, माझ्या हातातला टाक पाहिला. मला वाटलं, आता ही काय म्हणेल.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "माझं नाक नीट येया लागलं हुतं."

मग ती म्हणाली, "काढ तू. म्या दारात बसते." आणि ती बाहेर जाऊन दाराला पाठ लावून बसली. कुणीतरी मला शोधत आलं, तेव्हा तिनं सांगितलं की पोरगी जरा पडलीय, उठवू नका. भाऊ बाहेर ठेवलेला होता आणि ती इथं बसली होती. मी तिसरी चौकट पुरी केली, शाई वाळू दिली, स्कॅन केली आणि पाठवली. खाली सही दादांची केली. सवयीनं.

तीनच्या सुमारास संपादकांचा फोन आला. त्यांना बातमी कळली होती. चांगले शब्द बोलले, माणूस चांगला होता. मग म्हणाले, आजची पट्टी वेळेवर आली, दादांनी ती कधी काढून ठेवली होती, ती उद्या पहिल्या पानावर शेवटची पट्टी म्हणून घ्यायची आहे.

मी म्हटलं, "ती त्यांची नाही. मी काढली आहे. आत्ता, तासाभरापूर्वी. गेली अकरा वर्षं मीच काढते."

त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, अकरा वर्षं? मग म्हणाले, "आज राहू द्या, ताई. आज वाचकांना हे सांगायचा दिवस नाही. पुढचं आपण बसून बोलू."

मी बरं म्हटलं. चारला दादांना नेलं.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी पहिल्या पानावर आली, काळ्या चौकटीत. त्यानंतर कार्यालयात पत्रं येऊ लागली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं की मरणाच्या छायेतही ज्या हाताची रेघ डळमळली नाही त्या हाताला वंदन. एका बाईंनी लिहिलं की ती पट्टी त्यांनी देवघरात लावली आहे. संपादकांनी सगळी पत्रं एका पाकिटात घालून मला पाठवली. मी ती एका संध्याकाळी बसून वाचली. मला वाटलं होतं की वाईट वाटेल, किंवा हसू येईल, किंवा निदान राग येईल. काहीच आलं नाही. पाकीट कपाटात ठेवून मी भाकरी टाकल्या.

तेरावा झाल्यावर आम्ही बसून बोललो. अकरा वर्षांचं आता काढायला नको, असं संपादकांचं म्हणणं पडलं. आजपासून ही परंपरा मुलगी पुढं नेते आहे असं छापू, खाली तुमची सही येईल. मी कबूल केलं. दादांची अब्रू राहत होती आणि मला वाद घालायचा नव्हता.

माझ्या सहीची पहिली पट्टी आली त्या आठवड्यातच तक्रारी सुरू झाल्या. वडिलांचा हात नाही. रेघेत तो जीव नाही. मेंढरू पूर्वी कसं बघायचं, आता नुसतं उभं असतं. मुलीनं प्रयत्न चांगला केला आहे, पण ते ते होते. तेच मुख्याध्यापक होते, त्यांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून पाठवल्या होत्या, एक दादांची, एक माझी, आणि दादांच्या पट्टीत आत्याच्या मानेची रेघ कशी एका झटक्यात आली आहे ते लाल पेननं दाखवलं होतं. दोन्ही माझ्याच होत्या. रेघ चांगली होती हे खरं. मी त्यांना उत्तर लिहिलं, सूचनांबद्दल आभार.

या काळात माझं सगळं नीट चालू होतं. मी शाळेत जात होते, जेवत होते, पट्टी देत होते. दिवाळीला गावी गेले. लोक म्हणायचे, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. इंजेक्शन दिलेल्या दाताला जीभ लावली तर कसं लागतं, आहे पण आपलं नाही, तसं मला सगळंच लागत होतं. ते जाईल असं मी धरून चालले होते. आठवडे गेले, वर्ष गेलं, आणि मला त्याची सवय झाली.

माझ्या सहीनं पट्टी तीन वर्षं चालली. मग वर्तमानपत्राची पानं कमी झाली. एका शनिवारी संपादकांचा फोन आला, हे नवे होते, वयानं माझ्याहून लहान. सोमवारपासून पुरवणी बंद होते आहे, मुख्य अंकात जागा नाही, वेबसाइटसाठी पुढंमागं विचार करू. निरोपाची एक पट्टी द्याल का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्या निरोप घेत नाही, तिची तशी पद्धत नाही. रविवारची पट्टी आधीच दिलेली होती, तीच शेवटची ठरली. ती रिक्षावर होती. खास नव्हती.

मी आत्याला फोन करून सांगितलं. कँटीनचं काम तिनं तोवर सोडलं होतं, गुडघे धरले होते. तिला वाचून दाखवणं मी फोनवरच करायचे. ती म्हणाली, "मंग तू आता पहाटे निजत जा." मी प्रयत्न केला. पाचला जाग यायची ती यायचीच.

पट्टी बंद होऊन वर्ष होत आलं तेव्हा पुण्याहून एक मुलगी आली. तिशीची असेल. फोनवर बघायच्या छोट्या फिल्म करणारी तिची लहानशी मंडळी होती. तिच्या आजोबांनी पट्ट्यांची कात्रणं वहीत चिकटवून ठेवली होती, त्यावर ती वाचायला शिकली होती. तिला त्यातल्या दहा-बारा पट्ट्या हलत्या करायच्या होत्या. मी मालिकेची गोष्ट तिला सांगितली, शेळीसकट. ती हसली नाही. तिनं विचारलं, खऱ्या आत्या आहेत का, त्यांना भेटता येईल का.

ती गावी जाऊन तीन दिवस आत्याच्या घरी राहिली. आत्या चालताना, वाकताना, उंबरा ओलांडताना तिनं फोनवर टिपलं. आत्यानं मला नंतर सांगितलं, पोरगी लई बघती, पन तरास नाय देत. पुण्याला गेल्यावर तिनं मला दोनदा फोन करून विचारलं की पट्टीतली आत्या काठी कुठल्या हातात धरते. मला सांगता येईना. जुन्या पट्ट्या काढून बघाव्या लागल्या. दादांनी आणि मी इतक्या वर्षांत तिला हजारो वेळा काढलं होतं, पण कायम उभीच. चौकटीत ती उभी असायची. चालायची ती दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या जागेत.

फिल्म तयार झाल्यावर ती मुलगी ती घेऊन गावी आली. मीही गेले. आत्या ओसरीवर बसली होती. मुलीनं टॅब तिच्यासमोर पाटावर टेकवून ठेवला. पडद्यावर माळ दिसला, आमचाच, दगडाळ, लांबवर एक लिंब. मग डावीकडून आत्या आली. डावा पाय जरा ओढत, काठी पुढं टाकायच्या आधी क्षणभर थांबत, खांद्यावरची घोंगडी दर चार पावलांनी सावरत ती चालत होती. मागं मेंढरू. 

आत्यानं सगळं पाहिलं. मग म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. तिनं बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही.

"ही मी नाय," ती म्हणाली.

मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणू लागली की चाल तुमचीच घेतली आहे, चुकलं असेल तर बदलून देते.

"बदलू नको," आत्या म्हणाली. "चाल माझीच असंल. मला मागून कुठं दिसती माझी चाल. पन माय अशी चालायची. म्या न् हा," तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे दादा, "आमी दोघं तिच्या मागं असायचो. मेंढरं पुढं, मंग माय, मंग आमी. आमाला तिचं तोंड कमी दिसलं, पाठच दिसली."

माझी आजी मी पाहिलेली नाही. तिचा फोटोही नाही. दादांनी तिच्याबद्दल कधी फार सांगितलं नाही, ते सात-आठ वर्षांचे असताना ती गेली एवढंच. आत्या पदरानं डोळे पुसत होती. मुलगीही रडत होती. मी उठून आत गेले, माठातलं पाणी काढलं. तांब्या भरून वाहू लागला तरी मी ओतत होते. मग तो अर्धा रिकामा केला, पुसला आणि बाहेर आणून ठेवला. मला कुठंतरी दुखत होतं. बऱ्याच दिवसांनी. ते संध्याकाळपर्यंत राहिलं आणि मग कमी झालं.

त्या फिल्म आता फोनवर सापडतात. किती जणांनी पाहिल्या ते मी विचारलं नाही. शेवटी नावं येतात त्यात दादांचं आहे, खाली माझं आहे, आणि कोणत्या पट्ट्या कुणी काढल्या ते त्या मुलीनं मला विचारून बरोबर लिहिलं आहे. तसं लिहायचं म्हणून मी तिला सगळं सांगितलं होतं. कुणी त्यावर काही बोललं नाही. ते मुख्याध्यापक आता हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात शाळेत मला एक फोन आला. गंगापूरकडचे गृहस्थ होते, आवाजावरून वयस्कर. कुणाकडून तरी शाळेचा नंबर मिळवला होता. त्यांच्याकडं पट्टीची सगळी कात्रणं होती, तीन पेट्या भरून. घराला रंग द्यायचा होता आणि सून विचारत होती की पेट्या ठेवायच्या की काढायच्या. पट्टी पुन्हा सुरू होणार असेल तर ठेवतो, असं ते म्हणाले. मी सांगितलं, सुरू होणार नाही. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, तरी एक पेटी ठेवतो, कोणती ठेवू. मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ती. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं. मी सांगितलं. त्यांच्याकडंही तसंच होतं.

फोन ठेवून मी आठवीच्या वर्गावर गेले. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा जवळ आली आहे. त्या दिवशी वस्तुचित्र होतं. टेबलावर चादर अंथरून तांब्या, दोन वांगी आणि एक उघडलेली छत्री ठेवली होती. छत्रीच्या काड्या कुणालाच जमत नव्हत्या. मी एकेकीच्या पाठीशी जाऊन उभी राहिले आणि त्या दाखवल्या.